ख्रिस्तपुराण वाचायचं कसं

ख्रिस्तपुराणाचं नाव निघालं की समोरचा माणूस ‘जैसी हरळांमाजी रत्नकिळा’ एवढं म्हणतो आणि थांबतो. फेब्रुवारीच्या शेवटी मराठी भाषा गौरव दिन आला की हीच ओवी फळ्यावर, हीच बॅनरवर, हीच भाषणात. मी पेशानं मराठीची शिक्षिका, तेव्हा मीही ती वर्गात शिकवली आहे. त्यात वावगं काही नाही. पण त्या ग्रंथात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत आणि मराठीच्या कौतुकाच्या त्यात अगदी थोड्या. बाकी सगळा ग्रंथ देवाविषयी आहे. गोव्यातल्या साष्टीत नव्यानं ख्रिस्ती झालेल्या माणसांना देवाची कथा आपल्या बोलीच्या जवळच्या भाषेत ऐकायला मिळावी म्हणून तो लिहिला गेला. तेव्हा वाचायचा तर भक्तिग्रंथ म्हणूनच वाचावा. रोज थोडा, मोठ्यानं, आणि शक्यतो आणखी कुणाला ऐकू जाईल असा. वसईत आमच्या ओटीवर ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात चार-सहा जण जमून आम्ही तो तसाच वाचतो. ‘बाई, सुरुवात कुठून करू?’ असं विचारणारे भेटतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कवीची ओळख थोडक्यात. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधल्या विल्टशरचा, जन्म १५४९च्या सुमाराचा. जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघात शिरला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला पोचला. त्यानंतर १६१९ साली वारला तोवर चाळीस वर्षं तो इथंच होता, बहुतेक काळ साष्टीत. तो आला तेव्हा पैठणला एकनाथ हयात होते. त्याचं पुराण १६१६ साली रायतूरला, म्हणजे राशोलला, छापून झालं तेव्हा तुकाराम लहान मूल होते. हे कालगणित मनात ठेवलं की एक गोष्ट उलगडते. ज्ञानेश्वर-एकनाथांनी रुळवलेली ओवी तेव्हा वापरात होती, ताजी होती. परदेशी माणसानं ती जुनी वस्तू म्हणून कपाटातून काढलेली नाही. आजूबाजूला ऐकू येत होती तीच उचलली. भावाला १५८३ साली लिहिलेल्या पत्रात त्यानं इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचं नोंदवलंय. असा कान असलेला माणूस होता.

आता पुस्तक हातात कुठलं घ्यायचं? मूळ छपाई रोमन लिपीत झाली होती, कारण देवनागरीचे खिळे तिथं तयार होऊ शकले नव्हते. १६१६नंतर १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छपाई झाली, पण त्या तिन्हींपैकी एकही प्रत आज कुणाच्या हाती नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हातानं नकला करून ठेवल्या म्हणून. गोव्यातून दक्षिणेला, मंगळुराकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी या नकला बरोबर नेल्या आणि १९०७ची सालढाणांची रोमन आवृत्ती मंगळुरातच निघाली. देवनागरीत तो आपल्याला मिळाला १९५६ साली, पुण्यातून, शांताराम बंडेलूंच्या संपादनामुळे. पुढे १९९६ साली मुंबईहून कॅरिदाद द्रागो यांची आवृत्ती आली आणि २००९ साली फादर नेल्सन फाल्काव यांची, तिच्यात मूळ ओव्यांसोबत आजच्या मराठीतला गद्य अर्थ आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्यानं ही शेवटचीच घ्यावी. अर्थ शेजारी असला की धीर येतो. पण अर्थ आधी वाचायचा नाही. आधी ओवी, तीही दोनदा, आणि अडलं तर नजर बाजूला. उलट केलंत तर अर्थच वाचत राहाल आणि ओवीकडे बघणारही नाही. वर्गातली मुलं गाइड उघडून बसली की हेच होतं, तीस वर्षं पाहिलंय.

पुस्तक मिळालं की पहिल्या ओवीवर उडी मारू नका. सुरुवातीला स्टीफन्सची छोटी गद्य प्रस्तावना आहे ती वाचा. तो म्हणतो की देवाच्या गोष्टी सांगायला या देशीच्या भाषांत मराठी योग्य वाटली, पण शुद्ध मराठी मधल्या थरातल्या लोकांना कळत नाही. म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द सोडून दिले आणि ब्राह्मणांच्या बोलण्यातले सोपे शब्द ठायी ठायी मिसळून कवित्व सोपं केलं. हे एकदा वाचलं की भीती जाते. कवी स्वतःच सांगतोय की मी तुमच्यासाठी सोपं केलंय. चारशे वर्षांत त्याचं सोपं आपल्याला अवघड झालं, एवढंच. साष्टीतल्या बोलीची, म्हणजे आजच्या कोंकणीची छटा त्यात जागोजाग आहे. त्यामुळे सिंधुदुर्ग-गोव्याकडच्या वाचकाला कितीतरी शब्द घरचे वाटतात आणि पुण्या-नागपूरच्या वाचकाला तेच अडतात.

मग पहिली ओवी:

वो नमो विश्वभरिता ।
देवा बापा सर्व समर्था ।
परमेश्वरा सत्यवंता ।
स्वर्ग पृथ्वीच्या रचणारा ॥

मोठ्यानं म्हणा. भरिता, समर्था, सत्यवंता, तीन चरण यमकाला धरून येतात आणि चौथा यमक सोडून देतो. सगळी ओवी अशीच चालते, अकरा हजार वेळा. आमच्या गटात एक कॉलेजचा मुलगा येतो, माझ्या भावाचा मुलगा. तो फर्ड्या आवाजात एका दमात वाचायचा, एक ओवी संपून दुसरी कधी लागली कळायचं नाही. शेजारच्या काकू दरवर्षी ज्ञानेश्वरीचं पारायण करतात, त्या एकदा पापड द्यायला आल्या होत्या. दारातच थांबून ऐकलं आणि म्हणाल्या, “अरे, बातम्या नाही वाचायच्या. तीन चरण चढ आणि चौथ्याला उतर. उतरलास की श्वास घे.” एवढंच सांगितलं. त्यानं तशी वाचली आणि ओटीवरची सगळी माणसं सरळ बसली. तुम्हीही तेच करा. तीन चरण आवाज थोडा चढता, चौथ्याला खाली आणि मग दम. चौथ्या चरणात बहुतेक वेळा गोष्टीचा किंवा विचाराचा मुक्काम असतो. तिथं न थांबणाऱ्याला ख्रिस्तपुराण कंटाळवाणं वाटणारच.

याच मंगलाचरणात दोन ओव्या पुढं गेलात तर देवाला निर्लेप, निर्विकार, विश्वव्यापक, ज्ञानदीप म्हटलेलं सापडेल. कशानं लिंपत नाही आणि कशानं बदलत नाही असा देव. हे ऐकताना सोळाव्या शतकातल्या कुठल्याही मराठी माणसाला परकं वाटलं नसतं. आणि त्याच देवाची पुढची कथा म्हणजे तो देव बाळ होतो, थकतो, रडतो आणि खिळ्यांनी ठोकला जातो. माझ्या मते ग्रंथाचा सगळा जोर या ताणात आहे. सुरुवातीच्या ओव्या घाईनं ओलांडल्या तर पुढं क्रूसापाशी काय घडतंय त्याचं वजन कळत नाही. म्हणून मी नव्या वाचकाला पहिल्या आठवड्यात फक्त मंगलाचरण वाचायला सांगते, रोज तेच. लोकांना हे जड जातं. ‘पुढं कधी जायचं?’ म्हणतात. जाऊ दे जड.

मंगलाचरणानंतर मात्र सरळ पुढं जाऊ नका, असं माझं मत आहे. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात ३६ अवस्वर, म्हणजे अध्याय. त्यात सृष्टीची रचना, आदाम-एवा, नोहाच्या वेळचा प्रलय, अब्राहाम, मोशे, दावीद असा जुना करार येतो. दुसऱ्या पुराणात ५९ अवस्वर आणि त्यात येशूचं चरित्र. क्रमानं वाचणारे पहिल्या पुराणाच्या मध्यावर कुठंतरी बसकण मारतात आणि पुस्तक पुन्हा कपाटात जातं. त्यापेक्षा दुसरं पुराण आधी घ्या. आगमनकाळात, डिसेंबरात, मरियेचं आणि येशूजन्माचं कथन. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारापासून त्याचं दुःखसहन. ईस्टरच्या आठवड्यात पुनरुत्थान. हे झालं की पावसाळ्यात, दिवस लांबट आणि घरात बसण्याचे असतात तेव्हा, पहिलं पुराण निवांत वाचावं. तोवर कानाला भाषा लागलेली असते आणि जुन्या करारातल्या गोष्टी कुठं निघाल्या आहेत तेही माहीत असतं.

रोज किती वाचायचं याचा हिशेब सोपा आहे. रूढ छापील पाठात १०,९६२ ओव्या आहेत. रोज ३० वाचल्या तर वर्षात १०,९५० होतात आणि १२ उरतात. त्या ३१ डिसेंबरला जास्तीच्या. ३० ओव्या सावकाश वाचायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. कुणी उत्साहानं शंभर शंभर वाचतो आणि दहाव्या दिवशी सोडतो. नुसता उपवासकाळ धरला तर राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत रविवार धरून ४६ दिवस, म्हणजे सुमारे चौदाशे ओव्या. दुःखसहनाच्या कथनाला हा वेळ अगदी योग्य आहे. झावळ्यांच्या रविवारी नेमकी यरुशलेमप्रवेशाची ओवी यावी असा अट्टहास मात्र करू नये. आमच्यात एक गृहस्थ कॅलेंडर घेऊन बसतात, त्यांना आम्ही हसतो.

अडलेल्या शब्दांचं काय करायचं? बहुतेक शब्द दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचल्यावर आपोआप सुटतात. दातारु, सागरु, करुणाकरु असे शेवटी उकार आले की दचकू नका, ज्ञानेश्वरी उघडली तरी तेच दिसतं. उकार मनातल्या मनात काढून टाकला की आपलाच शब्द. ज्यांनी शाळेत ज्ञानेश्वरीचे उतारे मन लावून वाचलेत त्यांना दोन आठवड्यांत सवय होते. तरीही न सुटलेला शब्द वहीत लिहून पुढं जायचं, वाचन थांबवून चर्चा करायची नाही. चर्चा शेवटी. आमच्या ओटीवर हा नियम मी कडक ठेवला आहे, कारण शब्दावर चर्चा सुरू झाली की पंधरा मिनिटांत ती वसईच्या राजकारणावर जाते.

आणखी एक सवय लावून घ्या, यानं सगळ्यात जास्त मिळतं. त्या दिवशीचा प्रसंग आधी शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्रात वाचायचा, मग पुराणात. येशूजन्म घ्या. लूकच्या दुसऱ्या अध्यायात तो पहिल्या वीस वचनांत होऊन जातो. नावनोंदणी, गव्हाणी, मेंढपाळ, देवदूत, संपलं. स्टीफन्स तिथं रेंगाळतो. तो काय वाढवतो, कुणाच्या तोंडी बोलणं घालतो, कुठं थांबून स्तुती करतो, कुठं लूकपेक्षाही घाईनं पुढं सरकतो, हे पेन्सिलनं समासात टिपा. बायबल रोज वाचणाऱ्या माणसाचे डोळे माहितीच्या कथेवरून घसरत जातात, ते या कामानं थांबतात. मला स्वतःला बायबलमधले मेंढपाळ पुराण वाचल्यावर माणसं वाटायला लागले. त्याआधी ते नाताळच्या गोठ्यातले मातीचे पुतळे होते. असा फरक कवीनं किती ठिकाणी केलाय ते वर्षभराच्या टिपणांत दिसतं, आणि दुसऱ्या वर्षी तीच टिपणं पाहिली की आपण कुठं भरकटलो होतो तेही दिसतं.

आता अवघड भागाकडे. पुराणाच्या सुरुवातीलाच एक ब्राह्मण, नवख्रिस्ती, पाद्रीगुरूला विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला का देत नाही? कवीनं हा प्रश्न लपवला नाही, उलट ग्रंथाचं कारण म्हणून मांडला. पण त्या प्रश्नामागं काय होतं ते वाचकानं माहीत करून घ्यावं. १५६०मध्ये गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, आलं. १५६७च्या सुमारास साष्टीतली देवळं पोर्तुगिजांनी पाडली. १५८३ साली साष्टीतल्याच कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारलं आणि त्यानंतर गावच्या मुखत्यारांना बोलणी करायच्या नावाखाली बोलावून पोर्तुगिजांनी ठार केलं. त्या पाच जणांचे मृतदेह परत मिळवण्यात स्टीफन्सचा हात होता. कुंकळ्ळीचं हे प्रकरण त्याच्या इथल्या काळातलं, बाकीचं तो यायच्या आधीचं. ग्रंथात मूर्तिपूजेवर कडक ओव्या आहेत, त्या या काळात लिहिल्या गेल्या. मला त्या आवडत नाहीत आणि मी त्या गाळतही नाही. गटात वाचताना त्या आल्या की त्याच आवाजात, त्याच चालीत वाचायच्या, आणि त्या दिवशी शेवटी इतिहासाबद्दल बोलायचं. आमच्याकडे हिंदू शेजारी ऐकायला असतात, त्यांच्यासमोरही. गुळगुळीत करून वाचलेला भक्तिग्रंथ कुणाला फसवत नाही, फक्त वाचणाऱ्याला लाजवतो.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकानं काय करावं असंही विचारतात. तेच करावं. मंगलाचरण, मोठ्यानं, तीन चढून एक उतरून. येशूची कथा ठाऊक नसेल तर लूकचं शुभवर्तमान आधी पूर्ण वाचून काढावं, एका बैठकीत होतं. अनेकांना वाटतं की ही आपल्या संतपरंपरेची नक्कल असेल. ओवी तीच आहे, भक्तीची भाषाही बरीच तीच आहे, पण कथेचा मध्य वेगळा आहे. सारखेपणाच शोधत राहिलात तर तो चुकेल. काकू म्हणाल्या होत्या, “शब्द आमचे, गोष्ट तुमची.” मला ते पुरेसं वाटलं.

ज्यांच्या हाती १९०७च्या रोमन पाठाची प्रत किंवा तिचं स्कॅन येईल त्यांच्यासाठी शेवटचं थोडं. तिथलं स्पेलिंग पाहून पळू नका, ते पोर्तुगीज वळणाचं आहे आणि एका संध्याकाळी हाताखाली येतं. अक्षर दोनदा आलं की उच्चार मूर्धन्य: दोन एन म्हणजे ण, दोन एल म्हणजे ळ, दोन डी म्हणजे ड, दोन टी आणि एच म्हणजे ठ. क्यू-एच म्हणजे ख. ओठांवरचा व बऱ्याचदा यू या अक्षरानं दाखवलेला असतो, त्यामुळे देव ‘देउअ’सारखा दिसतो. आपल्याला पाठ असलेली पहिली ओवी शोधायची, तिच्यावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवायचं आणि मग दुसरी. घरात कोंकणी बोलणारी आजी असेल तर तिला शेजारी बसवा. तिला लिपी वाचता आली नाही तरी चालेल, तुम्ही अडखळत उच्चारलेला शब्द ती आधी ओळखते.